आई बोटीवर जायची

बाबा गेल्यानंतर, २००५ च्या जानेवारीत, मी आईला सहा महिन्यांसाठी डब्लिनला आणलं. ओहायोतलं डब्लिन, कोलंबसला चिकटलेलं, सगळी घरं एकाच राखाडी रंगाची, आणि थंडीत आकाशही तसंच. मी तिथं एका विमा कंपनीच्या आयटीत होते. आई येणार म्हणून मी किती तयारी केली होती! लायब्ररीचं कार्ड, देवळातलं भजन, सीनियर लोकांचा योगाचा क्लास, तिच्या खोलीत मराठी पुस्तकं. आई सगळीकडे गेली. "कसं होतं?" विचारलं की "छान होतं" म्हणायची आणि चहा टाकायला उठायची. नागपुरात शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली, भरभरून बोलणारी बाई ती. माझ्या घरात मात्र फ्रिज उघडायच्या आधीही माझ्याकडे बघायची.

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला काकू भेटल्या. काकूंना आम्ही सगळे ओळखत होतो. सत्तरीच्या, मूळच्या अमरावतीच्या, नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून फार वर्षांपूर्वी इकडे आलेल्या भुलेच्या डॉक्टर. काका वारलेले, मुलं कॅलिफोर्नियात. केस बारीक कापलेले, इरकली साडीवर फुगीर जाकीट आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. त्यांनी आईच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "काय करून राहिल्या इथं? करमते का?"

"कायचं करमते बाप्पा!" आई म्हणाली.

मी शेजारीच उभी होते, हातात वाणाची पिशवी घेऊन. तीन आठवडे मला 'छान' ऐकवणाऱ्या आईनं एका अनोळखी बाईला पहिल्या मिनिटात खरं सांगितलं होतं. आणि तेही त्या बोलीत. माझा नवरा पुण्याचा, म्हणून आई आमच्या घरात जपून, पुस्तकातलं मराठी बोलायची. तिचं ते 'करून राहिली' मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मग चला बुधवारी माझ्यासंगं," काकू म्हणाल्या. "बोटीवर जाऊ."

एवढ्या थंडीत कसली बोट, असं मला वाटलं. पण बुधवारी मी ऑफिसातून आले तर आई माझ्या आधी घरी पोचलेली, गाल लाल, केस विस्कटलेले, आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात उभं करून सांगत होती, "अहो, कॅसिनोची बोट! ओहायोत जुगाराला बंदी आहे ना, म्हणून दोन तास गाडीनं जायचं. सीमा ओलांडली की इंडियाना. तिथं परवानगी आहे, पण जमिनीवर नाही, फक्त पाण्यावर. म्हणून नदीत ही मोठी बोट ठेवलीय, अनेक मजल्यांची. आधी म्हणे ती खरंच फेरी मारून यायची, लोकांना मध्येच उतरता यायचं नाही. मग कायदा बदलला. आता काठालाच बांधलेली असते. जागची हलत नाही, पण पाण्यावर आहे म्हणून चालतं!"

आई हसत होती. पोट धरून. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तिला हसवण्यासाठीच तर मी तिला सातासमुद्रापार आणलं होतं. आणि हसवलं कुणी, तर एका बांधून ठेवलेल्या बोटीनं.

मग दर बुधवारी काकूंची लांबलचक गाडी आमच्या ड्राइव्हवेत यायची. मला त्या गाडीचा हॉर्न आवडेनासा झाला. आई आदल्या रात्रीच डब्यात थालीपीठं भरून ठेवायची. काकूंना आवडतात म्हणून. मलाही आवडायची, मला कुणी विचारलं नाही. पहिल्या महिन्यातच 'अहो डॉक्टर'चं 'अगं' झालं. फोनवर आई म्हणायची, "अगं, मग काय तर! येऊन राहिली की मी!" आणि मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून नुसती बसायची.

एकदा माझ्या नवऱ्यानं आईला प्रेमानं समजावलं. तोही सॉफ्टवेअरमधलाच. "आई, त्या स्लॉट मशीनवर चित्रांची चक्रं फिरतात ना, ती नुसती दिखाव्याला. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी आतल्या कॉम्प्युटरनं आकडा निवडलेला असतो. नंतर फिरतं ते सगळं नाटक."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि पाकिटात ठरवून नोट न्यायची, ती संपली की उठायचं, हेही तिनंच सांगितलं."

आम्ही सांगू असं काही उरलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये मी सुट्टी टाकली आणि म्हटलं, मीही येते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं ते मला दिसलं. "ये की," आई म्हणाली, जरा उशिरा. मी मागच्या सीटवर बसले. पुढं दोघी अखंड बोलत होत्या. बोलण्यात अशी माणसं येत होती की जी मला माहीत नव्हती: काकूंच्या हॉस्टेलमधली कुणी वेंधळी मैत्रीण, आईच्या शाळेतला चिडका हेडमास्तर. आईला चिडका हेडमास्तर होता हे मला तेव्हा कळलं.

बोटीवर पाय ठेवला तरी बोट वाटतच नव्हती. एका बंद पुलावरून चालत गेलो आणि आत थेट लखलखाट. खिडकी नाही, घड्याळ नाही. गालिचा इतका भडक की खाली बघवत नव्हतं. सगळीकडून खणखण नाणी पडल्याचा आवाज. मी वाकून बघितलं तर नाणी कुठंच नव्हती.

"शोधू नको," काकू हसून म्हणाल्या. "नाणी केव्हाच बंद झाली. आता जिंकलं की मशीनमधून कागदाची चिठ्ठी येते. पण आवाज नाही आला तर लोकांना जिंकल्यासारखं वाटत नाही, म्हणून तो रेकॉर्ड करून वाजवतात."

कॅसिनोनं तिच्या नावानं दिलेलं कार्ड आईनं पर्समधून काढलं. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी कुरळी दोरी होती त्याला. एक टोक स्वेटरला अडकवलेलं, दुसरं मशीनमध्ये. तेवढ्यात निळ्या कोटातली एक तरुण मुलगी आली, तिथं काम करणारी. तिनं आईला नावानं हाक मारली. उच्चार मोडका, पण नाव आईचंच. "तुमचं माशांचं मशीन रिकामं आहे आज," ती म्हणाली आणि न विचारता लिंबू घातलेलं गरम पाणी आणून दिलं. आई गरम पाण्यात लिंबू पिते? माझ्या घरी तर चहा प्यायची.

मी आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. आई अगदी छोटी रक्कम लावायची आणि बटण दाबलं की डोळे बारीक करायची, लहान मुलं करतात तसे. दोन सोनेरी मासे ओळीत आले, तिसरा ओळीच्या जरासा वर थांबला.

"अरे! थोडक्यात गेलं!" मी ओरडलेच.

"थोडक्यात नाही गेलं," पलीकडून काकू म्हणाल्या. "हरलो म्हणजे हरलोच. पण असं 'जरासं चुकलं' वाटलं की माणूस पुन्हा बटण दाबतो. म्हणून ते चित्रच तसं रचतात. हुशार लोक बसवलेत त्याला."

"ही सगळं वाचत असते," आई कौतुकानं म्हणाली. मी कंपनीत वर्षातला सगळ्यात मोठा प्रोजेक्ट वेळेत पूर्ण केला होता, तेव्हा आई "अरे वा" म्हणाली होती. या सुरात नव्हती म्हणाली.

दुपारी जेवायला गेलो. आई गोड आणायला उठली तेव्हा काकू मला म्हणाल्या, "घर विकायचं नाही असं ठरवलं तिनं, फार बरं केलं. वरचा मजला भाड्यानं देईल, खाली राहील. आपलं दार आपल्याला उघडता आलं पाहिजे."

मी चमचा खाली ठेवला. नागपूरचं घर विकून आईनं पुण्याला दादाकडे राहायचं, हे मी आणि दादानं बाबांच्या तेराव्यालाच ठरवलं होतं. गिऱ्हाईकही आलं होतं. आई कधी नाही म्हणाली नव्हती.

"तुला सांगितलं नाही तिनं?" काकूंचा चेहरा उतरला. "अगं, मला वाटलं..."

"सांगितलंय," मी म्हणाले. आई पुडिंगच्या तीन वाट्या तोलत येत होती.

बाथरूमला जाते सांगून मी उठले. वाटेत भिंतीवर एक सूचना लावली होती: खेळण्यावर आपला ताबा राहत नाही असं ज्याला वाटतं त्यानं स्वतःचं नाव नोंदवावं, पुन्हा त्याला आत घेतलं जाणार नाही. कॅसिनोच लोकांना असं सांगतो याचं मला नवल वाटलं. पण मी सरळ काउंटरवर गेले आणि तिथल्या बाईला विचारलं, "माझ्या आईचं नाव देता येईल?"

तिनं माझ्याकडे फार हळुवार नजरेनं पाहिलं. असं विचारणाऱ्या मुली तिनं पाहिल्या असणार. "नाही मॅडम. ज्याचं त्यानंच द्यावं लागतं." मग तिनं विचारलं, "फार हरतात का त्या?"

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

एक जूनला आमच्या पत्रपेटीत आईच्या नावानं वाढदिवसाचं चकचकीत कार्ड आलं, बोटीकडून. आईचा खरा वाढदिवस कार्तिकात. एक जून ही शाळेत घालताना लावलेली तारीख, तीच पासपोर्टवर. आईला तरी कोण आनंद. तिनं ते टीव्हीवर उभं करून ठेवलं.

"आई, तो तुझा वाढदिवसच नाही."

"मला माहीत आहे गं. त्यांना कुठं माहीत? पण आठवण तर ठेवली!"

नवरा म्हणाला की ते मशीनमध्ये घालायचं कार्ड सगळं टिपून ठेवतं: माणूस कुठल्या मशीनवर बसतो, किती वेळ बसतो, कधी उठतो, काय दिलं की परत येतो. त्यावरून फुकट जेवण कुणाला द्यायचं ते ठरतं. त्याला ते भयंकर वाटत होतं. मला मत्सर वाटत होता. माझ्या आईला काय दिलं की ती परत येते, हे एका प्लास्टिकच्या तुकड्याला माहीत होतं.

मग मी हट्टानं तिला नायगराला नेलं. फक्त आम्ही दोघी. निळे रेनकोट घालून बोटीत बसलो, धबधब्याच्या तोंडाशी पोचलो, चेहऱ्यावर सपासप पाणी. आई माझ्या कानाशी ओरडली, "ही बोट खरंच चालते की गं! तिला सांगायला पाहिजे!"

बोटीतून उतरल्यावर बाकावर बसलो, रेनकोट निथळत होते. मला राहवलं नाही. "घर विकायचं नाही, हे मला का नाही सांगितलंस? त्यांना सांगितलंस."

आईनं टोपी काढून झटकली. "तुला सांगितलं असतं तर तू दादाला फोन केला असतास. मग त्यानं मला केला असता. मग तुम्ही दोघांनी मिळून मला समजावलं असतं. प्रेमानंच. पण समजावलं असतं."

"आणि त्या?"

"ती म्हणाली, बरं. आणि बटण दाबलं."

मी रडले, हे आईला पाणी वाटलं असेल किंवा नसेल. ती म्हणाली, "रागावलीस?" मी म्हटलं, "नाही, हेवा वाटतो." आई मग म्हणाली, "वाटू दे. मला तुझ्या सासूबाईंचा किती वर्षं वाटायचा." हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. मी ते शब्द जपून ठेवले. हे तरी तिनं काकूंच्या आधी मला सांगितलं असावं, अशी आशा करत.

त्याच संध्याकाळी मोटेलमधून मी दादाला फोन केला आणि गिऱ्हाईकाला नाही सांगायला लावलं. तो चिडला. मी त्याला समजावलं, माझी सवयच ती. जुलैत आई परत गेली आणि तिच्या घरी राहू लागली. वर एक बँकेतलं जोडपं आलं. रविवारी मी फोन केला की बऱ्याचदा लाइन बिझी असायची. कोण बोलत असणार, ते मला कळायचं.

२००७ च्या हिवाळ्यात काकू महिनाभरासाठी आईकडे नागपूरला गेल्या. एअरपोर्टवर सोडायला मीच गेले. बॅगेत घालायला मी आईसाठी बदामाचं मोठं पाकीट नेलं होतं. कुणीही नागपूरला निघालं की मी तेच पाठवायची.

काकूंनी पाकीट हातात घेतलं आणि हळूच परत दिलं. "बदाम नको गं. तिच्या दाढेत अडकतात. मागच्या वेळचे तिनं वरच्या पोरीला देऊन टाकले."

"मग काय देऊ?"

"काही नको. मी घेतलंय तिच्यासाठी," त्या म्हणाल्या. काय घेतलंय ते मी विचारलं नाही. त्या पांढऱ्या बुटांनी भराभर चालत आत गेल्या, एकदा वळून हात हलवला.

मी गाडीत येऊन बसले, पाकीट फोडलं आणि डब्लिनला पोचेपर्यंत अर्धे बदाम खाल्ले.