संकटांची रंगीत तालीम

आमच्या क्लबातल्या पोहण्याच्या मास्तरांना पाण्याची भीती कधी वाटली नाही. भीती माणसांची, तीही कोरड्या आणि खुर्चीत बसलेल्या. त्यामुळे वार्षिक सभेत उभं राहून बोलायची पाळी आली तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. लहान मुलांचा उथळ तलाव बुजवून तिथे गाड्या लावायचं समितीच्या मनात होतं. मास्तर त्याच तलावात शिकवत. तलाव गेला की मास्तरही गेले.

'आधी नाकातोंडात पाणी जाऊ दे, मग हातपाय मार,' ही त्यांची शिकवायची पद्धत. भाषणाच्या घरच्या तालमीलाही त्यांनी तीच लावली. बायकोला दिव्याच्या बटणापाशी उभं केलं, मुलीला लॅपटॉपच्या वायरपाशी बसवलं आणि आडवे प्रश्न विचारायला मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याला त्यासाठी तालमीची गरज नव्हती.

"बाबा, आता वायर काढू?"

"विचारतेस काय? संकट काय दार वाजवून येतं?"

"दाजी, बाकी सगळं ठीक, पण गाड्या काय डोक्यावर लावायच्या?"

"मागच्या पटांगणात! मोडक्या खुर्च्या उचलल्या की जागाच जागा!"

पाण्याकडे बघत रडणाऱ्या पोराचा फोटो आला की बायको दिवा घालवी. मग अंधारात मास्तरांची गाडी अशी सुटे, की शेजारी येऊन विचारत, भांडण मिटलं का म्हणून.

सभेत मात्र दगा झाला. काहीच बिघडलं नाही. माइक खरखरला नाही, प्रोजेक्टर पहिल्या फटक्यात लागला, आणि एरवी एकमेकांच्या अंगावर धावणारे सभासद शहाण्या बाळांसारखे गप्प. रडणाऱ्या पोराचा फोटो आला. मास्तर थांबले. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. दिवा ठणठणीत. मग सगळ्या सभेनेच वर पाहिलं.

"झालं का, मास्तर?" अध्यक्ष म्हणाले. "मग मतं घेऊन टाकू."

मास्तर अजून दिव्याकडेच बघत होते. घरची मंडळी मागच्या रांगेत होती.

"अगं बाई, हे आता बुडतात!" म्हणत बायको उठली आणि तिने फटाफट सगळी बटणं बंद केली. पडद्यासकट सभा अंधारात गेली.

"घाबरू नका!" मास्तरांचा खणखणीत आवाज आला. "आत्ता तुम्ही पायांनी जमीन चाचपलीत ना? पोरगंही पाण्यात तेच करतं. मोठ्या तलावात पाय टेकत नाहीत, इथे टेकतात. तेवढ्यासाठी हा तलाव हवा."

"पण गाड्या काय डोक्यावर लावायच्या?" मेहुणा सवयीने ओरडला.

"मागच्या पटांगणात!"

हात मोजायला दिवे लावावे लागले. तलावाच्या बाजूने इतके हात वर होते, की अध्यक्षांनी मोजायचा नाद सोडला.

"मास्तर, आभाराचे दोन शब्द बोला की."

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि मागे पाहिलं. बायको बटणांकडे निघालीच होती.