सरळ चर, वाकडे बांध

केटलब्रिजच्या चॅपलमागच्या हॉलमध्ये त्या दिवशी एवढी गर्दी होती की उशिरा आलेल्यांना चहाच्या टेबलाला टेकून उभं राहावं लागलं. नदी दुसऱ्यांदा बाजारपेठेत शिरून गेली होती, लोकांचे गालिचे अजून कुंपणांवर वाळत होते, आणि प्रत्येकाला कुणावर तरी ओरडायचं होतं. ओरडून घ्यायला समोर फियोना उभी होती. डोंगरमाथ्यावरचं पीट वाचवायची जी सरकारी योजना आहे ना, तिची ती अधिकारी. पीट म्हणजे ती वरची काळी मऊ माती, शेवाळ साचून साचून झालेली. फियोनानं पडद्यावर विमानातून काढलेला फोटो लावला. थॉर्नगिलचा माळ. आणि अख्ख्या माळावर रेघाच रेघा, कुणीतरी भला मोठा कंगवा फिरवल्यासारख्या.

"हे सगळे चर आहेत," ती म्हणाली. "पाऊस पडला की माळानं तो धरून ठेवायला हवा. हे चर त्याला सरळ तुमच्या नदीत आणून सोडतात. वर पीट वाळतं, आणि त्यात साठलेला कार्बन हवेत जातो. म्हणजे नुकसान दोन्हीकडून."

डग सनटर उठला. बाजारपेठेतला खाटीक. त्याच्या दुकानात दोन्ही वेळेला काउंटरपर्यंत पाणी चढलेलं.

"एवढंच सांगा बाई, हे खणलं कुठल्या गाढवानं?"

हॉलमधल्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. कारण कुठल्या गाढवानं ते फियोना सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि डगला तर सगळ्यात आधी, तो त्या गाढवाबरोबर पहिलीपासून एका बाकावर बसलेला.

मागच्या रांगेतून अर्नी हार्कर उभा राहिला. टोपी काढली नाही.

"गाढव इथं बसलंय, डग्या. आणि पोरी, तो फोटो जरा मोठा कर. आता यातली एक रेघ वाकडी दाखवा मला कुणीतरी."

शेजारी बसलेल्या मेव्हिसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याचा कोट ओढला. "खाली बस. लोकांची घरं बुडलीत आणि हा आपलं अक्षर दाखवतोय."

पण तो बसला नाही, आणि खरं सांगायचं तर एक रेघही वाकडी नव्हती.

तो काळच तसा होता. अर्नीनं विशी नुकतीच ओलांडलेली, आणि शेतकी खात्याचा एक टायवाला माणूस गाडी घेऊन थॉर्नगिलला आला. म्हणाला, हा माळ फुकट पडलाय, पाणी काढून टाका, गवत येईल, मेंढ्या वाढतील, देशाला मटण मिळेल, खणायचे पैसे सरकार देईल. आता सरकारच टाय लावून घरी आलं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मशीन वर न्यायला मात्र कुणी तयार होईना, कारण त्या चिखलात मशीन गिळलं गेलं तर बाहेर येत नाही. अर्नी गेला. वारा असा की बोललेलं तोंडात परत यायचं. तो लांबचा एक दगड हेरायचा, नजर त्याच्यावर ठेवायचा आणि मशीन सोडायचा. दिवस मावळला की मागे वळून बघायचा, आणि चर असा गेलेला असायचा की बस. मेव्हिसशी लग्न ठरायच्या आधी तिला तो पलीकडच्या रस्त्यावर घेऊन गेला होता, तिथून सगळा माळ दिसतो. बाकीच्या पोरींना त्यांचे मित्र समुद्र दाखवायचे, मला यानं गटारं दाखवली, असं ती अजून सांगते. पण हो म्हणाली ती तिथेच.

गवत काही फारसं आलं नाही. तो टायवाला पुन्हा दिसला नाही.

आणि अर्नी काही पुस्तकं वाचून बदलला असं नाही बरं का. परवा परवापर्यंत तोही म्हणायचा, हवामान काय, बदलतच असतं. मग एका उन्हाळ्यात माळ पेटला. वरून नाही, आतून. जमीनच आतल्या आत धुमसत राहिली, एकीकडे विझवली की दुसरीकडे धूर. बंबवाल्यांनी पाइप टाकायला पाणी शोधलं तर अर्नीचे सगळे चर कोरडे ठणठणीत. तो काठावर उभा राहून बघत होता. घरी आला, बूट काढले, जेवला नाही. त्यानंतर "बदलतच असतं" हे त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

पण म्हणून तो सरकारच्या बाजूचा झाला असं कुणी समजू नये. ब्लॅक बुल या गावातल्या पबमध्ये बिअर समोर ठेवून डगबरोबर त्याचं रोजचं चालायचं.

"आधी म्हणाले डिझेल गाडी घ्या, हवेला बरी. घेतली. मग म्हणाले डिझेलनं माणसं मरतात," अर्नी म्हणायचा. "आता म्हणतात घर तापवायचा बॉयलर काढा, विजेवरचा हीट पंप लावा. माझ्या भिंतीतून वारा आरपार जातो. तो पंप काय डोंगर गरम करणार?"

"म्हणूनच सांगतो, सगळं थोतांड," डग म्हणायचा. "माझ्या आजाच्या वेळी नदी गोठायची. लोक वर घसरत खेळायचे."

"आता गोठते?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग. हवामान बदलत नाही असं कुठं म्हणालो? आपण बदलत नाही त्याला, असं म्हणतोय. माझं दुकान हवामानानं नाही बुडवलं, तुझ्या चरांनी बुडवलं."

"म्हणजे अख्ख्या जगानं केलेलं काही नाही, एकट्या अर्नीनं केलेलं सगळं."

"हां. आता कळलं तुला."

तर त्या हॉलमधल्या सभेनंतर अर्नी फियोनाला बाहेर गाठून म्हणाला, "चर बुजवायचे असतील तर मी बुजवणार. माझ्या चरांत दुसऱ्याचं मशीन उतरायचं नाही."

फियोना म्हणाली, "मिस्टर हार्कर, त्यासाठी कंपन्या असतात. आणि तुमचं वय..."

"वय मशीन चालवत नाही."

ती पोरगी काही लेचीपेची नव्हती, पण हट्टी माणसाशी कसं वागावं ते तिला कळत होतं. डॉक्टरचा दाखला आणायला लावला, परवाना नवा करायला लावला, आणि मग म्हणाली, "एक उतार देते. पूर्वेकडचा. त्यावर बांध घाला. हिवाळ्याच्या पावसात पाणी टिकलं तर उरलेला माळ तुमचा. वाहून गेलं तर शहरातली कंपनी येईल, आणि तुम्ही मध्ये यायचं नाही."

आता अर्नीच्या मनात दुसरं काही उरलंच नाही. आपलं काम आपल्याच हातानं उलटवायचं की अनोळखी माणसानं येऊन ते पुसायचं, एवढंच. आणि पुसणारा कोण, तर ज्याला तो दगडही माहीत नाही ज्यावर नजर ठेवून ती रेघ ओढलीय.

रुंद पट्ट्यांचं पोकलेन आलं. अर्नीनं बांध घातले, आणि काय बांध घातले. चराच्या दोन्ही भिंती सुरीनं कापल्यासारख्या साफ केल्या, मधे पीट ठासलं, माथा बकेटनं थापून सपाट केला. एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. मेव्हिस थर्मास घेऊन वर आली तर तिला कमरेवर हात ठेवून दाखवत होता.

"छान आहे," ती म्हणाली. "थडगी वाटतात ओळीनं."

पहिलाच मोठा पाऊस झाला आणि सगळे फुकट गेले. बांध जागेवर होते, तुटला एकही नव्हता, पण पाणी प्रत्येकाच्या बाजूनं भिंत कोरून निघून गेलं होतं. त्याच्या त्या देखण्या बांधांना वळसा घालून पाणी खाली उड्या मारत चाललेलं, आणि आवाज असा की हसतंय वाटावं.

फियोना गुडघ्यावर बसली, हातानं चराची भिंत चाचपली. "तुम्ही कडा फार साफ केल्यात. गुळगुळीत भिंतीला पीट धरत नाही, मधून पाणी सरकतं. बांध चरापेक्षा खूप रुंद हवा, दोन्हीकडे माळात पंख पसरल्यासारखा. फाटका, खडबडीत. वरून गवताची ढेकळं तशीच उपटून टाकायची, वेडीवाकडी."

"म्हणजे घाणेरडं काम करायचं."

"हो. नीट घाणेरडं."

अर्नीनं करून पाहिलं. पण हात ऐकेना. बकेट खाली गेली की आपोआप कड सरळ यायची. ढेकूळ वाकडं टाकलं की दुसऱ्या क्षणी तो ते दुरुस्त करायचा, स्वतःलाही न कळता. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी लोकांनी पाठ थोपटली तीच आता नडत होती. दुपारी त्यानं मशीन बंद केलं, घरी आला आणि स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "बोलाव कंपनीला. मला वाकडं जमत नाही."

मेव्हिस ओव्हनच्या भांड्यात मटण भरून त्यावर पिठाचं झाकण घालत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"बागेचं फाटक तर वाकडंच लावलंस."

"ते खांबामुळे."

"कपाट?"

"भिंत वाकडी आहे, मेव्हिस."

"तू हे जे लावतोस ना, ते माझ्या बडबडीमध्ये लावतोस, म्हणून वाकडं होतं. मशीनवर एकटा असतोस, शांत, तो तुझा दगड बघत. म्हणून सगळं सरळ. उद्या मी येते वर."

आणि ती आली, खरंच आली. रबरी बूट, नवऱ्याचाच जुना रेनकोट, चराच्या काठावर बऱ्यापैकी लांब उभी, आणि सुरू झाली. स्कारबरोच्या बहिणीनं आईच्या बश्यांचं काय केलं, तिथपासून. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येईना, तेव्हा अर्नीला केबिनमधून डोकं बाहेर काढून "काय?" विचारावं लागायचं, आणि "काय" विचारताना बकेट कुठंतरी भलतीकडेच जायची.

"तिनं त्या विकल्या की फोडल्या?"

"विकल्या. शेजारणीला. आणि मला सांगितलं फुटल्या."

"हरामखोर," अर्नी म्हणाला आणि एक भलं मोठं ढेकूळ रागानं चरावर आपटलं. ते असं काही बसलं की फियोना लांबून ओरडली, "हे. हे असं."

अर्नी खाली उतरला. त्या ढेकळाकडे बघत राहिला. कुरूप होतं, पण चराच्या दोन्ही बाजूंच्या माळाला घट्ट चिकटलेलं, गवताची मुळं आत घुसलेली. त्यानं वर पाय देऊन पाहिला. हललं नाही. मग तो केबिनमध्ये चढला आणि पुढचं तसंच टाकलं, मुद्दाम. त्याच्या पुढचंही. त्या आठवड्याच्या शेवटी मेव्हिस यायची थांबली, आणि बांध तरी वाकडेच राहिले, पण आता नेमके वाकडे. लांबचा दगड बघायचं त्यानं सोडलं होतं. पायाखालचं पाणी कुठं वळायला बघतंय ते बघत होता.

हिवाळा आला, आणि असा धो धो आला की केटलब्रिजमध्ये लोकांनी दारांना वाळूच्या गोण्या लावून ठेवल्या. नदी चढली. पण पूर्वेकडून येणारा ओढा या वेळी फेसाळत आला नाही, रेंगाळत आला. एका उतारानं गाव वाचत नाही, ते कुणी म्हणतही नव्हतं. डगच्या दुकानात पाणी आलंच, पण काउंटरच्या पायांशी थांबलं.

पाऊस ओसरल्यावर सगळे वर गेले. डगही आला, चूक काढायला. पूर्वेच्या उतारावर बांधांच्या मागे तळी साचली होती, काळी, गप्प, आभाळ धरून बसलेली. एकाही बांधाच्या बाजूनं पाणी निसटलं नव्हतं. फियोना एकेक बघत खालपर्यंत गेली आणि वर आली तेव्हा तिचा चेहरा विचित्र झालेला.

"तुम्ही जिंकलात, मिस्टर हार्कर. माझ्या सगळ्या उतारांमध्ये एकही बांध न गळलेला हा पहिला." मग खाली गावाकडे बघत म्हणाली, "पण काल कळलं. मंत्री बदललेत. नवे म्हणतात, सगळ्या योजना पुन्हा तपासायच्या. तोवर पैसे बंद."

"कधीपर्यंत?"

"कुणी सांगत नाही."

डग म्हणाला, "बघ. मी काय म्हणत होतो."

अर्नीनं टोपी काढून डोकं खाजवलं. एका सरकारनं खणायला लावलं, दुसऱ्यानं बुजवायला, आता तिसरं म्हणतंय थांब. त्याला हसू आलं.

"परवानगी बंद झाली की फक्त पैसे?"

"फक्त पैसे. माळ तुम्हा शेतकऱ्यांचा सामाईक, तुमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत. परवानगी चालू आहे." मग म्हणाली, "पण मी तुम्हाला फुकट काम करा असं सांगू शकत नाही."

"मग नको सांगूस. तू काही बोललीच नाहीस."

"मशीन आहे, पण डिझेल?" डगनं विचारलं. "डिझेल काय मंत्री पाठवणार?"

"नाही. तू पाठवणार."

"मी का? माझा तर या हवामानाच्या गोष्टीवर विश्वासच नाही."

"काउंटरवर आहे ना?"

डगनं तळ्याकडे बघितलं, खाली गावाकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला. अर्नी म्हणाला, "तुमच्या त्या नव्या मंत्र्याला कळव पोरी. मी सरकारसाठी चर खणले तेव्हा एक वाकडा गेला नाही. आता एक सरळ राहणार नाही. तपासायचं असेल तर बूट घालून ये म्हणावं, मी इथंच आहे."

पुढच्या सोमवारी पश्चिमेच्या उतारावर पोकलेन सुरू झालं. खालून डग येत होता, दोन्ही हातांत डिझेलचे कॅन, मागे बाजारपेठेतले आणखी दोघं तसेच. डगचा एक पाय पार गुडघ्यापर्यंत पिटात गेला, तो बाहेर काढला तर दुसरा गेला, आणि तो सरकारला, हवामानाला आणि अर्नीला एका दमात शिव्या घालत होता. अर्नीला वरून ऐकू येत नव्हतं. त्यानं केबिनमधून हात केला, बकेट उचलली आणि पहिलं ढेकूळ तिरकं टाकलं.