फौजेच्या कागदावरची बायको

२०१८ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण पेन्शनवाला फौजी. आमची पलटण अर्धवेळ. बोलावणं आलं की वर्दी, सोडलं की निलंग्याजवळच्या गावात नांगर. बोलावलेले दिवसच मोजायचे आणि त्यांची पंधरा वर्षं भरली तरच पेन्शन. पुष्कळजण मधेच थकले. मी एकही बोलावणं चुकवलं नाही. लोक माझी जिद्द सांगतात. पण मी सरहद्दीवर असताना पेरणी, रास, दोन बाळंतपणं, माझ्या आईचं दुखणं, सगळं बायकोनं एकटीनं निभावलं. त्या पंधरा वर्षांतले निम्मे दिवस तिचे आहेत. हे तिला मी कधी बोललो नाही.

त्या साली बिलोलीकडचा पलटणीतला दोस्त वारला. कागदाच्या घोळापायी त्याच्या बायकोला लई हेलपाटे पडले. म्हणून माझ्यामागं माझ्या बायकोला पेन्शन नीट मिळेल का, ते बघायला तिला घेऊन लातूरच्या माजी सैनिकांच्या ऑफिसात गेलो.

कारकुनानं माझा कागद बघितला, तिचं आधार बघितलं.

"बाबा, इथं बायकोचं नाव वेगळंच हाय. ह्या कोण?"

मागून रांगेतला एक म्हणाला, "हवालदार, पहिली कुठं लपवली?" सगळी रांग हसली.

लग्नात माझ्या आईनं तिचं नाव बदललं होतं. आमच्यात बदलतात. पलटणीत मी तेच सांगून बसलो. मतदार यादीत, आधारवर मात्र तिच्या बापानं ठेवलेलंच राहिलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आधारवरचं नाव तू बदल. फौजेला मी चुकीचं सांगितलं, असं मी लिहून देणार न्हाई."

"एकदा बदललं तवा मला कुणी इचारलं न्हवतं. आता तुम्ही इचारताय, तर न्हाई म्हणते."

"मग मी मेल्यावर बस हात हलवत."

"बसते की. माझ्या नावानं बसते."

पंधरा दिवस मी तो विषय काढला नाही. मग एक दिवस ती एकटी निघाली. निलंग्याच्या पुढं कधी एकटी गेली नव्हती. एसट्या बदलत नांदेड, तिथून माहेरी भोकरला. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आली. मी जेवत होतो. ताटाजवळ तिनं दोन कागद ठेवले. एक तिच्या शाळेचा उतारा. दुसरा आमच्याच ग्रामपंचायतीचा दाखला, की ही दोन्ही नावं एकाच बाईची. तो कधी काढला, मला पत्ता नाही.

"आता तुमची सही तेवढी राहिली," ती म्हणाली.

उताऱ्यावर लिहिलं होतं, चौथी पास. माझा घास हातातच राहिला. चाळीस वर्षं मी तिला एसटीच्या पाट्या वाचून दाखवत होतो.

"अगं, बोलली का न्हाईस कधी?"

"तुमाला वाचून दाखवायची हौस होती."

एवढं मोठं मन पलटणीतल्या कुठल्या साहेबाजवळ मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, तिला घेऊन निलंग्याला वकिलाकडं गेलो आणि लिहून दिलं, नाव मी चुकीचं सांगितलं होतं. सही केली. मग अर्जाला लागतो तो जोडीचा फोटो काढायला दोघं स्टुडिओत गेलो.