मागची भिंत

प्रेमिलाचं मातीचं घर दोन वर्षांपूर्वी पावसात बसलं आणि नवरा बळीराम याचा पाय त्याखाली गेला. पाय राहिला, पण लंगडा. नरखेड तालुक्यातल्या त्या गावात ती सुमंतसाहेबांच्या संत्र्याच्या बागेत कामाला होती. साहेब नागपूरला मोठ्या हुद्द्यावर. बागेत त्यांनी सागाचे गोल ओंडके रचून केबिन बांधून घेतली होती, सुटीत हवा खायला. म्हणाले, घरकुल मंजूर होईपर्यंत राहा, तेवढीच राखण होईल. हा मोठेपणा चार लोकांत सांगायलाही ते विसरले नाहीत.

त्या तात्पुरत्या घरात तिनं बाराही महिने काढले, तेही दोनदा. थंड डोंगरातल्या घराचा नकाशा आणून नरखेडच्या उन्हात उभा केला, तर दुसरं काय होणार? मे महिन्यात आत भट्टी. पावसात ओंडके फुगायचे, दार खांद्यानं ढकलावं लागायचं. थंडीत फटींतून वारा शिरायचा. त्या तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बुजवल्या. साहेब यायचे त्या दिवशी चूल, गादी, बुद्धाची तसबीर, सगळं विहिरीमागं ताडपत्रीखाली जायचं. चिंध्यासुद्धा उपसून काढायच्या, पाहुण्यांना दिसायला नकोत. वाळवी लागू नये म्हणून ओंडक्यांना जळकं ऑइल चोपडायचं, तेही तिनंच. मागच्या भिंतीला दोन हात, कारण वाळवी तिकडूनच चढते. तिच्या नखांतलं काळं कधी गेलंच नाही.

मग घरकुलाचा सर्व्हे आला. श्वेता नावाची पोरगी मोबाइल घेऊन घरोघर फिरत होती. कुटुंबाला घरासमोर उभं करायचं आणि फोटो काढायचा. बळीराम आदल्या दिवसापासून मागं लागला होता, आपण पडक्या घरापाशी उभं राहू म्हणून.

"मी काहून उभी राहू त्या उकिरड्यात?" प्रेमिला म्हणाली. "सरकारले दिसू दे ना, आपण कसे राहतो ते."

"सरकारले तेच तर नाही दिसलं पाहिजे वं."

ती ऐकणारी नव्हती. फोटो काढायचा तर धुतलेलं नेसून, ताठ मानेनं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. चौदा एप्रिलची पांढरी साडी तिनं नेसली, केबिनसमोर सडा टाकला, ओंडके पुसून काढले. इथंच राहता का काकू, असं श्वेतानं विचारलं, तेव्हा हो म्हणाली, दोन वर्षं झाली, पण तात्पुरते. मोबाइलमध्ये तात्पुरत्यासाठी रकाना नव्हता.

महिन्याभरानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. प्रेमिलाच्या नावापुढं लिहिलं होतं: अपात्र, पक्कं घर आहे. नळावर एकीनं विचारलं, बंगल्याचं जेवण कधी देतं वं? बाया पोट धरून हसल्या. त्यांतल्या दोघींच्या घरी हिनं बाळंतपणं केली होती.

ग्रामसेवकानं एक वाट सांगितली: केबिन माझी आहे, हे लोक तात्पुरते आहेत, असं मालकाचं पत्र आणा. रविवारी साहेब आले, तेव्हा प्रेमिलानं यादीची नक्कल त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "म्हणजे सरकारी कागदावर माझी केबिन तुमचं घर झाली? आणि आता मी पत्र देऊ? तुम्ही इथं राहता, हे मीच लिहून दिल्यासारखं होईल. उद्या ताबा सांगाल."

"मले तुमचं नाही पाहिजे, साहेब," ती म्हणाली. "माह्यं पाहिजे."

त्यांनी आठ दिवसांत जागा सोडायला सांगितलं. आवाज चढवला नाही. अशा माणसांना चढवावा लागत नाही. गाडीत बसताना म्हणाले, जाण्याआधी ओंडक्यांना एकदा ऑइल मारून द्या, शनिवारी पाहुणे आहेत.

शुक्रवारी सकाळी नवरा-बायकोनं आपल्या पडक्या घराच्या भिंतीला ताडपत्री बांधली, तिच्याखाली चूल मांडली. मग ती डबा घेऊन केबिनकडं गेली. समोरची बाजू चोपडली, दोन्ही कडा चोपडल्या, चकचकीत. बळीराम लंगडत डबा घेऊन मागच्या भिंतीकडं निघाला.

"ते राहू दे," ती म्हणाली.

आणि उरलेलं ऑइल, साहेबांची गाडी जिथं उभी राहते, तिथं नेऊन ओतलं.