अर्धा दात

पेत्रोनिलामावशीच्या परसाला कुंपण होतं ते युद्धातल्या भोकाभोकांच्या लोखंडी पत्र्यांचं. विमानं उतरवायला अमेरिकनांनी अंथरले होते ते. तिच्या कोंबड्या पाणी प्यायच्या जपानी हेल्मेटात. आमच्या बेटाच्या किनाऱ्यावर युद्धाचं कुणाला कौतुक नाही. जपानी जहाज वाळूत नाक खुपसून गंजत पडलंय, पोरं त्याच्यावरून पाण्यात उड्या मारतात, बाया त्याच्या सावलीत शिंपले वेचतात.

मावशीला मात्र त्या युद्धाकडून एक माणूस परत हवा होता. तिचा थोरला भाऊ, लोरेन्सो. जपान्यांनी त्याला ओझी वाहायला डोंगरात नेलं तेव्हा ही आठ वर्षांची. तो परत आलाच नाही. आपल्या आईशेजारी, कुळाच्या जमिनीत त्याला पुरायचं, एवढंच तिच्या मनात. तेवढी जागा तिने राखून ठेवली होती. तिथं ती रताळंसुद्धा लावायची नाही.

दरवर्षी जपानहून माणसं यायची, आपल्या सैनिकांची हाडं शोधायला. त्यांच्याबरोबर खणायला मी. संध्याकाळी डोंगर उतरून आलो की मावशी सुपारीची टोपली घेऊन जहाजापाशी उभीच. ती माझ्या आईची चुलत बहीण, त्यामुळे मला हक्काने अडवायची. आमचा कुणी सापडला का रे मार्सेलिनो? वरचा एक दात अर्धा असेल बघ, लहानपणी मीच दगड मारून तोडलाय. दरवर्षी हेच. गावातले टगे म्हणायचे, "मावशे, तो कसला सापडतोय! जपानला जाऊन बायको करून बसलाय." ती हसायची. म्हणायची, "करू दे की. पण एकदा तोंड दाखवून जा म्हणावं."

मीही हसायचो. मीच जास्त.

एका वर्षी त्या माणसांबरोबर हिरानो नावाचे म्हातारे आले. त्यांचा भाऊ आमच्याच डोंगरात गेलेला. सहा दिवस काही मिळेना. म्हातारबुवा रोज काठी टेकत वर यायचे आणि रोज रिकाम्या हाताने उतरायचे. सातव्या दिवशी त्यांच्या भावाच्या तुकडीच्या एका ढासळलेल्या खंदकात माझी कुदळ जपानी हेल्मेटावर आपटली आणि शेजारीच हाडं. मी जोरात ओरडलो, सापडला! हिरानो गुडघ्यांवर बसले, चिखलाने माखलेली कवटी छातीशी धरली आणि तिच्याशी कितीतरी वेळ बोलत राहिले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी असा फुगलो की विचारू नका.

हाडं धुवायचं काम माझं. मी ती ओढ्यावर नेली. चिखल निघाला आणि काळे दात दिसले. मातीत राहून दात काळे पडतात, खरं आहे. पण चुना-सुपारीचा काळा मला ओळखता येत नाही होय? माझं स्वतःचं तोंड तसंच आहे. आणि वरचा एक दात अर्धा. अंगठा लागला तसा तो सुटून तळहातावर आला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. वर दहा पावलांवर सगळे बसले होते. पण आता कुठल्या तोंडाने सांगू की चुकलो? म्हातारा पोटभर रडून मोकळा झालाय, त्याला काय सांगू? हे मी म्हाताऱ्यासाठी म्हणून स्वतःला समजावलं. खरं ते वेगळंच होतं. पाठीवरची ती थाप मला परत द्यायची नव्हती. मी मूठभर वाळू घेतली आणि ते दात घासले. काळेपणा निघेल तेवढा काढला. अर्धा दात माझ्या चुन्याच्या डबीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजाशेजारी वाळूवर चिता रचली. ते लोक हाडं इथंच जाळून राख घरी नेतात. मावशी आली. टोपलीतली सगळ्यात चांगली सुपारी तिने चितेवर ठेवली. म्हणाली, "कुणाचा तरी भाऊच आहे ना." मग हिरानोंशेजारी बसली. एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, तरी दोघं रडत होती. ऊन फार होतं, म्हणून मी तिला शहाळं फोडून दिलं. जळत होता तो नात्याने माझा मामा. तरी मी एका घावात शहाळं उघडलं, याची मला आजही लाज वाटते.

राख पांढऱ्या कापडात बांधून विमानाने गेली.

ती डबी मी छपराच्या वाशात खोचली. मावशीने कसाव्याचे कंद धाडले की मी ते डुकरांना घालायचो. पुढच्या वर्षी ती पुन्हा टोपली घेऊन उभी. त्याच्या पुढच्या वर्षीही. चौथ्या वर्षी तिला दिसेनासं झालं, तर भाचीचा हात धरून आली आणि भलत्याच माणसाला विचारायला लागली, आमचा कुणी सापडला का रे मार्सेलिनो? तो माणूस हसला. माझ्याच्याने ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक डुक्कर बांधून तिच्या दारात गेलो. चूक केली की न्यायचा रिवाज आहे आमच्यात. तिच्या तळहातावर दात ठेवला. तिने अंगठ्याने त्याची तुटकी कड चाचपली. मग मी सगळं सांगितलं. वाळूने घासल्याचंही.

"बाकीचा कुठाय?" तिने विचारलं.

"जपानला."

गावाची ती जुनी चेष्टा दोघांनाही आठवली असणार. कुणी हसलं नाही.

"मी तिथंच बसले होते, मार्सेलिनो," ती म्हणाली. "तू मला शहाळं दिलंस."

डुक्कर तिने परत न्यायला सांगितलं. कुदळ तेवढी आण म्हणाली. आईशेजारच्या राखलेल्या जागेत मी खणायला लागलो, आणि सारा गाव कुंपणाशी येऊन बघत उभा राहिला. हातभर लांब खड्डा झाल्यावर मी थांबलो. अर्ध्या दाताला किती लागतो?

मावशीने खड्ड्यात काठी फिरवून लांबी चाचपली.

"अजून खण," ती म्हणाली. "तो उंच होता."