दूध संस्थेचा कोड

आमचे रंगनाथतात्या बियाण्यांच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं फिरतीवर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी एका हॉटेल-साखळीत कंपनीला मिळालेला सवलतीचा कोड त्यांनी काही सोडला नव्हता. कुणाला लग्नासाठी नाशकात राहायचं असो की कोर्टाच्या तारखेला पुण्यात, तात्या फोनवर तो कोड सांगायचे आणि खोली निम्म्या दरात मिळायची. "ओळख लागते, ओळख!" असं वर ऐकवायचे. ही चक्क लबाडी आहे, असं मी एकदा तोंडावर म्हणालो, तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण अडल्यानडल्याला धावून जाणारं गावातलं माणूस तेच, हेही खरं.

मार्चमध्ये आमच्या गावच्या राहीबाईची लेक स्नेहल नगरच्या दवाखान्यात बाळंत झाली, तीही सातव्या महिन्यातच. पोर काचेच्या पेटीत, आणि दर दोन-तीन तासांनी त्याला आईचं दूध हवं. स्नेहलला घरी सोडलं, बाळाला मात्र अजून तीन आठवडे ठेवणार होते. आमचं गाव राळेगणच्याही पुढे. तिथून एसटीने ये-जा करून बाळाला दूध कसं पोचायचं? दवाखान्यासमोर त्याच साखळीचं हॉटेल होतं, पण त्याचा दर राहीबाईला फार तर दहा दिवस झेपला असता. तिने तात्यांना गाठलं. मीही त्यांच्यासोबत हॉटेलवर गेलो.

तात्यांनी थाटात कोड सांगितला. काउंटरवरची लीना म्हणाली, "चालेल सर. पण आता कंपनीचं ओळखपत्रही दाखवावं लागतं."

 तात्या उगाच खिसे चाचपायला लागले. मला त्यांची कीव आली. तेवढ्यात मागे उभ्या राहीबाईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. गावच्या दूध संस्थेचं सभासद कार्ड होतं ते.

"हे घ्या. बावीस वर्सं दूध घालतीय मी. हीच आमची कंपनी हाय."

लीनाला हसू आलं. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते. तात्या मात्र हसले नाहीत; त्यांनी लीनाला विचारलं,

"मॅडम, एखाद्या संस्थेला असा कोड मिळायला काय लागतं?"

"लेटरहेडवर पत्र, नोंदणीची प्रत. आणि वर्षाला निदान चाळीस मुक्काम."

"चाळीस? आमच्या साडेतीनशे सभासदांपैकी कुणाचं ना कुणाचं माणूस समोरच्या दवाखान्यात असतंच हो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तो कोड खोडा. मी रिटायर झालोय."

तात्यांनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

त्या दिवसापुरती खोली पूर्ण दराने घेतली. तात्यांनी फोन केल्यावर संस्थेच्या सचिव गोरक्षने दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या टेम्पोबरोबर नोंदणीच्या प्रतीसह पत्र धाडलं. मॅनेजरने ते दोनदा वाचलं आणि दुपारपर्यंत संस्थेला निम्म्या दराचा स्वतःचा कोड मिळाला.

एकोणीस दिवस मायलेकी तिथे राहिल्या. स्नेहल नुसता रस्ता ओलांडून बाळाकडे जायची. पोर हळूहळू अंग धरू लागलं.

निघताना बाळ राहीबाईच्या कुशीत होतं. किल्ली परत देताना ती लीनाला म्हणाली, "ताई, आमच्या कंपनीचं दुसरं कुनी आलं, तर त्याला हीच खोली द्या. खिडकीतनं बाळांचा वॉर्ड दिसतो."