भेसळ म्हणून काढलेली रोपं

मारेगावच्या आसपास हंसाबाईंची ओळख त्यांच्या बोटांवरून होती. कपाशीच्या सीड प्लॉटवर, म्हणजे संकरित बियाण्याच्या वावरात, त्यांनी तीस वर्षं काम केलं. दुपारी मादी झाडाची कळी नखानं सोलायची, आतले पुंकेसर काढायचे, मधल्या दांडीला ओरखडा जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या सकाळी नर झाडाचं फूल त्या दांडीवर हलकेच फिरवायचं. इतर बायांच्या दहा कळ्यांतल्या तीन गळत, हंसाबाईंची एखादीच. मात्र आपण जुळवलेल्या जोडीचं पुढचं झाड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बी पाकिटांत भरून जाई आणि कुठल्या तरी अनोळखी वावरात उगवे.

“लगीन लावाले आम्ही, अन् नातवंडं पाह्याले दुसरेच,” असं त्या हसून म्हणत.

त्यांना हे पाहण्याची संधी दिली भगवानरावांनी. यवतमाळला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि गावी परतले. घरामागे त्यांनी हिरव्या जाळीची शेड उभारली. त्यांच्याजवळ दोन ऑर्किडं होती. एक आपल्याच आंब्यांच्या फांद्यांवर वाढणारी रास्ना: मातकट, ठिपक्यांचं, पण सुवासाचं फूल. दुसरं दक्षिणेतून मागवलेलं निळं संकरित झाड. त्याला वास नव्हता आणि कुलरसमोर ठेवूनही आपला उन्हाळा त्याला सोसत नव्हता. या दोघांच्या संकरातून आपल्या उन्हात तगणारं, निळं आणि सुवासिक असं एक तरी झाड व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. काचबिंदूमुळे त्यांची नजर कडांकडून मिटत आली होती. फार तर पाच-सहा वर्षं दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातही कापत. म्हणून त्यांनी हंसाबाईंना बोलावलं.

“भाऊ, यात तं भुकटीच नाही. पिवळ्या गोळ्या हायेत,” निळ्या फुलाकडे पाहत हंसाबाई म्हणाल्या.

“त्याच उचलायच्या. काडीनं. अन् रास्नेच्या फुलात बसवायच्या.”

एका सकाळी हे काम झालं. शेंग पिकायला नऊ महिने लागले. तिच्यातलं धुळीसारखं बी भगवानरावांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांमध्ये रुजवलं. दीड वर्षानं एकशे बारा रोपं शेडमध्ये आली. त्याआधीच्या मे महिन्यात निळं झाड वाळून गेलं होतं. संकर पुन्हा करणं आता शक्य नव्हतं. जे काही होतं ते या बोटभर रोपांत.

पावसाळ्यात भगवानराव डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन महिने नागपूरला गेले. जाताना पाणी किती, ऊन किती, हे त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. अशा संकराच्या एकाच शेंगेतलं प्रत्येक रोप रंगानं आणि घडणीनं निराळं निघतं, हे मात्र सांगितलं नाही. हंसाबाईंना ते ठाऊक असेलच, असं ते धरून चालले. कपाशीत तसं होत नाही. संकरित कपाशीचा अख्खा प्लॉट एका साच्यातून काढल्यासारखा उभा राहतो. त्यात निराळं दिसेल ते झाड म्हणजे भेसळ, आणि ते दिसताक्षणी उपटणं हेच हंसाबाईंचं तीस वर्षांचं इमान होतं.

महिन्याभरात रोपांमध्ये फरक दिसू लागला. काहींची पानं रुंद आणि हिरवीगार, काहींची अरुंद, खालून लालसर-जांभळी. ती वाढतही हळू होती. पान लाल झालं की लाल्या रोग, हे कपाशीच्या गावात लहान पोरही सांगतं. हंसाबाईंनी आठ दिवस वाट पाहिली. दवाखान्यात पडलेल्या माणसाला फोन करणं त्यांना बरं वाटेना. मग एका सकाळी बसून त्यांनी एकाहत्तर रोपं काढली आणि रोग पसरू नये म्हणून बांधावर नेऊन जाळली.

भगवानराव परतले ते थेट शेडमध्ये गेले.

“बाकीची?”

“काढली भाऊ. भेसळ होती. लाल्या बी होता. चांगली चांगली ठेवली.”

भगवानरावांनी रिकाम्या जागांवरून हात फिरवला. “बरं केलं,” एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

उरलेल्या एक्केचाळीस रोपांना हंसाबाईंनी तीन वर्षं जपलं. उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा त्या पोतडी ओली करून टांगत. शेजारच्या तांड्यातली रुपीबाई वाटेवरून हाक देई.

“काय व हंसे, सासऱ्याले तरी इतकं जपलं होतं का?”

“सासरा फुलत नव्हता न व!”

या वर्षी चैत्रात पहिली फुलं आली. एकाच्या पाकळ्या मागे वळलेल्या, दुसऱ्याच्या बटणासारख्या सपाट. एक ठिपक्यांनी भरलेलं, एक अगदी कोरं. रंग मात्र पिवळट आणि तपकिरी यांच्यामधलाच. हंसाबाई आधी हरखल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतःच्या हातच्या संकराचं फूल पाहत होत्या.

“एका शेंगेतले हायेत भाऊ, अन् एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही!”

हातातलं भांडं त्यांनी खाली ठेवलं.

“भाऊ, थ्या लाल पानाच्या रोपाईत काय होतं?”

“नक्की नाही सांगता येत. पण निळ्या झाडाचं पानही खालून तसंच होतं.”

“तुमाले तवाच समजलं होतं?”

“हो.”

“मंग काहून नाही बोल्ले? तीन वर्षं मी पाणी टाकून राह्यली, अन् तुम्ही पाहून राह्यले!”

“बोलून काय उगवलं असतं, हंसाबाई? सांगायला मी आधी पाहिजे होतं. तेव्हा सांगितलं नाही.”

“शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.”

नऊ झाडं फुलायची बाकी होती. ज्येष्ठापर्यंत आठ फुलली. भगवानरावांना एव्हाना फक्त उजेड कळत होता. रंग हंसाबाईच सांगत. “मातीवाणी.” “मातीवाणीच, ठिपके हायेत.” खोटं त्या एकदाही बोलल्या नाहीत, आणि भगवानरावांनीही पुन्हा विचारून खातरी केली नाही.

नवव्या झाडाची कळी बाहेरून जांभळट होती. चार दिवस दोघंही सकाळी आधी त्या झाडापाशी येत. पाचव्या सकाळी ती उमलली. भगवानराव खुर्ची ओढत जवळ आले.

“सांगा.”

“खालच्या पाकळीचा ओठ जांभळा हाय, भाऊ. गडद हाय.” हंसाबाई म्हणाल्या. “बाकी थेच.”

“वास?”

हंसाबाईंनी फुलाला नाक लावलं. “नाही.”

भगवानरावांनी मान हलवली. “ओठ तर रास्नेचाही जांभळाच असतो,” ते म्हणाले.

आषाढात त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. शेडची जाळी उतरवताना त्यानं हंसाबाईंना हवी ती झाडं न्यायला सांगितली. त्यांनी एकही नेलं नाही.